मटकुलीला न आलेली गाडी

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधी माझ्या अक्षराची आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची माफी असावी. मी सौंसरच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि वाटेत पानठेल्यावर माणसं बसलेली असायची. त्यांच्यासमोरून जायची मला लाज वाटे, म्हणून मी गेले नाही. घरच्यांनी अडवलं नव्हतं. पुढे माझं लिहिणं म्हणजे संत्र्याच्या पेट्यांवर कोळशाने आकडे टाकणं आणि शेजारणींची पत्रं लिहून देणं, एवढंच राहिलं. म्हणून अक्षर पेटीवरच्यासारखं मोठं आणि वाकडं आहे.

जे लिहायला बसले आहे ते मी तोंडाने एकदाच बोलले, आणि तेही वेळ निघून गेल्यावर.

लग्नानंतर मी पांढुर्ण्यात आले. पोरगी शाळेत जायला लागली तसं मी संत्र्याच्या शेडमध्ये कामाला जायला लागले. बगीच्यातून आलेला माल जमिनीवर ओतायचा, लहान-मोठा निवडायचा, आणि पेटीत तणस, म्हणजे वाळलं गवत, घालून थर लावायचे. आम्ही सात जणी एका ओळीत बसत असू. सगळ्यांत वयाने मोठी होती तिला आम्ही मावशी म्हणायचो. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा. तोंडाने तिखट, पण कुणाची पेटी मागे राहिली तर आपली सोडून तिची भरू लागायची. माझ्याशी ती जास्त बोलायची, कारण मी उलटून बोलत नसे.

मावशीने नवस केला होता. मुलगा फौजेत लागला तर चौरागडच्या महादेवाला त्रिशूल वाहीन, तेही पहिल्या पायरीपासून पायी चालत जाऊन. मुलगा लागला. जबलपूरला हजर व्हायचा कागद आला. शिवरात्र धरून तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या गाडीने त्याला पांढुर्णा सोडायचं होतं.

"म्हंजे शिवरातीले देवाजवळ, दुसऱ्या दिवशी घरी, अन् तिसऱ्या दिवशी स्टेशनावर," मावशीने बोटांवर मोजलं. "महादेवाचा अंगारा आणतो अन् गाडीत बसाच्या आधी त्याच्या कपाळाले लावतो. मंग जाय म्हणा कुठी जायचं थे."

एकीने म्हटलं, "आधीच लावून घे ना देवघरातला."

"देवघरातला रोजच लावते थो. फौजेत जाऊन राहिला पोट्टा माहा, शाळेत नाही."

मग एक म्हणाली मीही येते, दुसरी म्हणाली मीही. दोन दिवसांत सातही जणी तयार झाल्या. वाट चार दिवसांची होती. जुन्नारदेवच्या बाजूला पहिली पायरी म्हणतात ते ठिकाण, तिथून जंगलातून भुराभगत, मग चढ, वर चौरागड. आमच्याकडचे पुष्कळ लोक त्याच वाटेने परत येतात. पण मावशीचे गुडघे दुखत. उतरायला पचमढीची बाजू सोपी, असं जाऊन आलेल्यांनी सांगितलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की या बाजूने चढायचं आणि त्या बाजूने उतरायचं. जत्रेत खाजगी गाड्या पचमढीपर्यंत जाऊ देत नाहीत. तेव्हा पचमढीहून जत्रेच्या बसने खाली मटकुलीच्या फाट्यावर यायचं आणि तिथे आपली गाडी उभी असावी.

आता आपली गाडी कुठून आणायची, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सौंसरला राहत आणि मेटाडोर चालवत. हंगामात संत्रा वाहायचे आणि जत्रेच्या दिवसांत माणसं.

"घरची गाडी असून पराया मानसाच्या गाडीत कायले बसाचं?" मावशी म्हणाली.

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याने आयुष्यात पुष्कळ गोष्टी ठरल्या आहेत.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्या वर्षी वाटणीतल्या विहिरीवरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. तो म्हणाला, "मी नाही जात त्याच्या दारात. तू जाय. जाऊबाईले सांग, थे सांगन त्याले."

आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नाही. समोर यायचं नाही, यावंच लागलं तर डोक्यावरून पदर ओढून, पाठ करून उभं राहायचं. काही सांगायचं असेल तर मधे कुणीतरी लागतं. भासरे वाईट माणूस होते म्हणून नव्हे, तर तशी रीतच होती. उलट, माझ्या लग्नात सगळ्यात जास्त धावपळ त्यांनीच केली होती. बारा वर्षांत त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा झाला होता, पण त्यांनी माझा आवाज एकदाही ऐकला नव्हता. आणि खरं लिहायचं तर मला ती रीत सोयीची होती. दुसऱ्यांना तिचा जाच वाटे, मला आडोसा वाटे.

मी बसने सौंसरला गेले. भासरे ओसरीत बाजेवर चहा पीत होते. मी आतल्या खोलीत दाराआड उभी राहिले. जाऊबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली, एक कान माझ्याकडे आणि तोंड त्यांच्याकडे.

"आयकलं का? पांढुर्णेवाली आली हाय. सात जणी महादेवाले जातो म्हणते. गाडी पाह्यजे."

"कोन्या दिवशी?"

मी दाराआडून हळूच सांगितलं, जाऊबाईने मोठ्याने सांगितलं.

"सात जणी? मेटाडोरमंधी पंधरा बसतात. बाकीच्या जागेवर संत्रा भरू का?" ते हसले.

"भरा ना. देवाले परसाद होईन," जाऊबाई म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "काय घेतात विचारू का वो? का घरचं म्हणून फुकट नेतीन?"

"फुकट नको," मी घाईने म्हटलं. पैसे आधीच सगळ्यांनी गोळा करून माझ्याजवळ दिले होते. प्रत्येकी तीस रुपये, जाणं-येणं मिळून. मी रुमालाची गाठ जाऊबाईच्या हातात दिली आणि तिने ती बाजेवर ठेवली. भासऱ्यांनी मोजलेसुद्धा नाहीत.

तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं. जाऊबाई "आई वो" करत सूप टाकून आत पळाली. उंबऱ्यात कुणी राहिलं नाही. भासऱ्यांनी ते पाहिलं नसावं, किंवा पाहूनही रिकाम्या दाराशी बोलले.

"चला, मंग ठरलं. पहिल्या पायरीले सोडून देतो. शिवरातीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपासून भुराभगतले उभा राहतो. तिथून घेतो साऱ्यायले."

मी दाराआड होते. मी ते स्पष्ट ऐकलं. भुराभगत डोंगराच्या या बाजूला होतं, मटकुली त्या बाजूला. दोन्हींच्या मधे सगळा डोंगर. मला फक्त एक शब्द बोलायचा होता, मटकुली. तो जिभेवर आलाही होता. पण तो शब्द सरळ त्यांच्या कानावर गेला असता, माझ्या आवाजात. माझ्याने झालं नाही. काहीतरी करावं म्हणून मी हात हलवला, दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवल्या. आमच्या घरात आडून बांगड्या वाजवल्या की ऐकलं, समजलं, असा अर्थ होतो. नाही म्हणायची खूण आमच्यात नव्हतीच.

"हाव, झालं मंग," ते म्हणाले आणि चहाची बशी ठेवून बाहेर निघून गेले.

जाऊबाई परत आली तेव्हा ओसरी रिकामी होती. मी तिला लगेच सांगायला हवं होतं. पण ती दुधाच्या नुकसानीवर आली, दुधावरून विहिरीवर आली, आणि विहिरीवरून माझ्या नवऱ्यावर. मी ऐकून घेतलं. बस स्टँडवर ती सोडायला आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, भासरे भुराभगत म्हणत होते वाटते. आम्ही तर मटकुलीला उतरणार."

"अवो त्यायले सारं माहीत हाय. दरसाल लोकं नेऊन राहिले थे." बस सुरू झाली होती, कंडक्टर ओरडत होता. "सांगतो मी, जाय!"

ती सांगेल असं मी धरून चालले. तिने सांगितलं नाही. तिलाही दोष देता येत नाही. मी "वाटते" म्हणाले होते. जे मी कानाने ऐकलं होतं त्याच्यापुढे "वाटते" कशाला लावलं, ते मला आजपर्यंत कळलं नाही.

ठरलेल्या दिवशी पहाटे मेटाडोर पांढुर्ण्याला आली. मावशीने लोहाराकडून घडवलेलं त्रिशूल लाल कपड्यात गुंडाळून आणलं होतं. तिचा मुलगा आम्हाला गाडीत बसवायला आला होता. उंच, कानावर केस बारीक कापलेले, आईच्या गाठोड्याला हात लावायला गेला तर आई ओरडली, "राहू दे! आताच फौजदार झाला का?" तो हसला. म्हणाला, "आई, टाइमावर येजो बरं. तू नाही आली तं मी गाडीत बसणार नाही." मावशी म्हणाली, "गाडी मिलिटरीची हाय काय तुह्यासाठी थांबाले?"

मी सगळ्यात मागे बसले, पाठ पुढे करून. पहिल्या पायरीला उतरलो तेव्हा मावशी स्वतः भासऱ्यांपाशी गेली.

"भाऊ, टाइमावर येजा. माह्या पोट्ट्याची गाडी हाय दुसऱ्या दिवशी."

"मावशी, मी तं तुमच्या आधी येऊन बसतो. काळजीच नोका करू."

कुठे येऊन बसतो, ते त्यांनी म्हटलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिला वाटलं, ते माझं ठरवलेलं आहे. मी पाच पावलांवर डोकं झाकून उभी होते. मावशीच्या कानात सांगता आलं असतं, "मटकुली म्हण त्यांना." मधे माणूस होतं, रीतही मोडत नव्हती. पण सगळ्यांसमोर असं सांगितलं तर कळलं असतं की मी आधीच नीट सांगितलं नव्हतं. आणि जाऊबाईने सांगितलं असेलच, असं मी मनाला पुन्हा एकदा समजावलं. गाडी वळून धुरळ्यात गेली.

वाटेबद्दल फार लिहीत नाही. मोहाची पानं गळत होती, दगड तापलेले असत. मावशी त्रिशूल खांद्यावर घेऊन पुढे चाले आणि दर चढावर "हर हर महादेव" म्हणे, खरं तर दम लागे म्हणून. वाटेत आमच्याच भागाची माणसं भेटत होती, गावं विचारत होती. कुणी गुळ देई, कुणी पाणी. मला तिथे पहिल्यांदा अनोळखी माणसांशी बोलायला भीती वाटली नाही. तरी जे बोलायचं होतं ते बोलले नाही.

भुराभगतला मुक्काम झाला. तिथे मी जागा पाहत राहिले, गाड्या उभ्या राहतात ते मैदान, त्याच्या कडेचं झाड. दोन दिवसांनी इथे आपली गाडी उभी राहणार, आणि आपण पलीकडे असणार. भाकरी थापताना मी मावशीला म्हटलं, "मावशी, आपण येताना पण इकडूनच आलो तर?"

"माहे गुडघे पाह्यले का? चढाले हेच गोटे अन् उतराले बी हेच?" ती म्हणाली. "अन् तुहे भासरे तिकडं उभे राहतीन, आपन इकडं. थे काय महादेवाले विचारतीन का कुठी गेल्या बाया?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या हातातली भाकर करपली.

शिवरात्रीला चौरागडावर मावशीने त्रिशूल वाहिलं. हजारो त्रिशूलांच्या ढिगात तिचं त्रिशूल ठेवल्याबरोबर कुठलं ते ओळखू येईना, पण ती बराच वेळ बोट दाखवत होती, "थे पाय, थे माहं." कागदाच्या पुडीत अंगारा घेतला आणि ती पुडी पोलक्याच्या आत ठेवली. उतरताना दर थोड्या वेळाने हात लावून पाहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत आम्ही मटकुलीला पोहोचलो. फाट्यावर चहाचं दुकान होतं, गाड्यांची गर्दी होती. आमची गाडी नव्हती.

"येईन," मावशी म्हणाली. "मानूस शब्दाचा हाय."

आता मला ठाऊक होतं. जाऊबाई बोलली असती तर भासरे आधीच येऊन बसले असते, तसे ते होते. समोरून पिपरियाच्या बस जात होत्या. पिपरिया तिथून जवळ, तिथे रेल्वे स्टेशन. तिथून इटारसी आणि इटारसीहून आपली पांढुर्ण्याची गाडी. रात्री उशिरा, फार तर पहाटे घरी पोहोचलो असतो. दुकानदाराने स्वतः सांगितलं, "बहनजी, पिपरिया निकल जाओ, वहाँ से गाड़ी मिल जायेगी." मावशी त्याला म्हणाली, "हमारी गाडी आ रही है भैया, घर की है."

घर की है. मी चहाचा पेला घेऊन बसले होते. त्या वेळी म्हणाले असते, मावशी, गाडी येणार नाही, ती भुराभगतला उभी आहे, चूक माझी आहे, तर सगळं सावरलं असतं. एक वाजता म्हणता आलं असतं, दोन वाजताही, तीन वाजताही. मी दर वेळी ठरवत होते, पुढची मेटाडोर आपली नसली की सांगायचं. सहा जणी सारख्या रस्त्याकडे पाहत होत्या आणि मी जमिनीकडे. चार वाजता मावशी उठून फाट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. पिपरियाची शेवटची बस तिला वळसा घालून गेली.

अंधार पडायला लागला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आता गाडी येत नाही वाटते." पुन्हा ते "वाटते".

कुणी भासऱ्यांना शिव्या दिल्या, कुणी म्हणाली गाडी बिघडली असेल.  दुकानाच्या छपराखाली रात्र काढली. उजाडताच छिंदवाड्याकडे जाणारा भुशाचा ट्रक मिळाला, त्यात बसलो. मावशी पुन्हा पुन्हा ट्रकवाल्याला ओरडून वेळ विचारत होती. तामियाच्या घाटात आठ वाजले. छिंदवाड्याला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. तिने मग वेळ विचारणं सोडलं. पुढे पांढुर्ण्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिने ती पुडी बाहेर काढली, हातात धरली आणि तशीच धरून ठेवली.

मावशीच्या घराला कुलूप नव्हतं, कडी होती. आत बाजेवर मुलाची अंथरूण-पांघरूणाची घडी, तिच्यावर त्याचे जुने पायजमे नीट ठेवलेले. शेजारीण म्हणाली, "साडेनऊपावतर दारातच उभा होता वो. मंग मामानं जबरीनं नेलं."

मावशीने अंगारा दाराच्या चौकटीला लावला. थोडा पुडीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी भासरे आमच्या घरी आले. वर्षभरानंतर पहिल्यांदा. दारातूनच ओरडले, माझ्या नवऱ्यावर.

"दिवसभर अन् रातभर भुराभगतले उभा होतो मी! परत येनाऱ्या हरेक मानसाले विचारून राहिलो, सात बाया पाह्यल्या का, सात बाया पाह्यल्या का. मले वाटलं दरीत पडल्या का काय! तुही बायको काय सांगून गेली होती?"

"तिनं सांगतलं असन बराबर. तूच भुलला असशीन."

"सांगतलं? बांगड्या वाजवल्या तिनं!"

मी आत होते. तेव्हाही दार होतं आणि दाराआड मी. नवरा माझी बाजू घेऊन भांडला, आणि विहिरीवरून तुटलेलं बोलणं आता गाडीवरून तुटलं.

शेडमध्ये सगळ्या भासऱ्यांनाच दोष देत होत्या. "घरचा मानूस असून दगा देला," असं म्हणत. मी थर लावत राही. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या लोकांनी जत्रेला दुसऱ्याची गाडी केली. एका निर्दोष माणसाचं नाव माझ्या गप्प राहण्याने खराब झालं.

मावशीच्या मुलाला पत्र मीच लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "गाडी वेळेवर भेटली नाही बेटा. अंगारा पाठवते. पोहोचला की लाव." पुडीतला अर्धा अंगारा तिने ठेवून घेतला, अर्धा पाकिटात घालून मी ते चिकटवलं. त्याचं उत्तर आलं ते मीच वाचून दाखवलं. पाकीट फाटलं होतं, चिमूटभर अंगारा उरला होता, तो त्याने लावला. पुढे लिहिलं होतं की संध्याकाळी त्याची गाडी पिपरिया स्टेशनवर थांबली होती. फलाटावर महादेवाहून परतणारे पुष्कळ लोक होते. त्याला वाटलं, आई इथे तर नसेल ना. तो उतरून गाडी सुटेपर्यंत शोधत होता.

मला जबलपूरची वाट माहीत नव्हती. इटारसीहून जबलपूरची गाडी पिपरियावरूनच जाते, हे आम्हा सातही जणींना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जरी आम्ही ट्रकऐवजी पिपरियाकडे गेलो असतो, तरी घरी पोहोचलो नसतो, पण संध्याकाळी फलाटावर त्याची भेट झाली असती. मी ती ओळ वाचायची टाळू शकले असते. मावशीला वाचता येत नव्हतं. पण ती मी वाचली. 

मावशी म्हणाली, "पिपरिया. थोच दुकानदार म्हणे ना, पिपरिया जा?"

त्यानंतर मी ठरवलं की सहा जणींचे परतीचे पैसे मी द्यायचे, प्रत्येकी पंधरा. भासऱ्यांकडून परत मागायचा प्रश्नच नव्हता, त्यांनी आपलं काम केलं होतं. माझी मजुरी घरात लागे. आठवड्याला एक-दोन रुपये मागे पडत, कधी पडत नसत. पोरीच्या आजारात एकदा सगळे गेले. पाच जणींना देताना मी म्हटलं, भासऱ्यांनी परत पाठवले. तेवढंच त्यांचं नाव सुधारावं म्हणून, पण ते पुन्हा खोटंच होतं. पाचही जणींनी घेतले. एक म्हणाली, "आता लाज वाटली असन."

मावशीचे सगळ्यात शेवटी राहिले, दोन वर्षं. तोपर्यंत मुलगा एकदा सुटीवर येऊन गेला होता. तिने त्याला अंगारा लावला होता. ती मला म्हणाली होती, "लावला तं खरं. पन जातानी लावाचा होता."

त्या दिवशी शेड लवकर सुटली होती. मी तिच्या घरी गेले. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी पंधरा रुपये तिच्यापुढे धरले. भासऱ्यांनी पाठवले, हे वाक्य तयार होतं. ते निघालं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दार, दूध, बांगड्या, भुराभगत, चार वाजेपर्यंतच्या बस. भासऱ्यांची चूक नव्हती, हे दोनदा सांगितलं. मी इतकं सलग आयुष्यात कधी बोलले नव्हते.

मावशीचा हात मिरच्यांवर थांबला होता. मला वाटत होतं, ती म्हणेल, जाऊ दे बाई, झालं ते झालं. आमच्यात असं म्हणतात. ती म्हणाली नाही.

"मटकुलीले तुले माहीत होतं?"

"हो."

"दुपारीच?"

"हो."

 ती म्हणाली, "तवा सांगतलं असतं तं मी पायी गेली असती वो पिपरियाले. गुडघे मोडले असते तरी गेली असती."

 तिने हात पदराला पुसले आणि नोटा घेतल्या. तिला वाचता येत नसे, पण नोटांचे रंग ओळखता येत. पाचाच्या तीन, तिने एकेक वेगळी करून पाहिली, पुन्हा एकत्र केल्या, पुन्हा मोजल्या.

"पुरे हायेत," ती म्हणाली. पदराच्या टोकाला गाठ मारली आणि मिरच्यांवर पुन्हा वाकली.